एकसरचे वीरगळ, शिवडीची थडगी आणि तिरपा उजेड

बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, पहिल्यांदा पाहायला गेलो तो ऑगस्टातला ढगाळ रविवार होता. दीडेकशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर सगळे सारखेच: करडा दगड, त्यावर करड्या रेघा. ज्या समुद्रावरच्या लढाईसाठी हे दगड प्रसिद्ध आहेत, तिच्यातल्या होड्या मलाच शोधाव्या लागत होत्या, दुसऱ्याला काय दाखवणार? पुन्हा गेलो तेव्हा सोबत मित्र होता आणि दोनशे रुपयांची बॅटरी. दिवेलागणीला त्याने ती दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून धरली. वल्ह्यांची रांग सावलीसकट उठून वर आली. आधीचे दीडशे फोटो त्याच रात्री उडवले.

स्मारकं आणि दफनभूमींचे फोटो काढू पाहणारे नवे लोक मला पहिल्यांदा लेन्सबद्दल विचारतात. लेन्स कोणतीही चालते हो. दगड कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, ते आधी बघा. मुंबईत पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी सातला ऊन थेट समोरून पडतं. फोटो उजळ येतो, पण अक्षरं सपाट. त्याच दगडावर साडेअकरा-बाराला ऊन वरून घसरत उतरतं आणि खोदीव अक्षरांत सावली भरते. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, मग दगड सावलीत जातो. पश्चिमेकडे तोंड असेल तर हाच खेळ दुपारी एकच्या सुमारास. सगळ्यांत छळतो तो उत्तरेकडे तोंड केलेला दगड. थंडीत त्याच्या अंगावर ऊन येतच नाही. मार्चअखेरीनंतर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवायला लागतो, तेव्हा सकाळी लवकर तिरपा उजेड त्याला चाटून जातो. पुढे पावसाळा, म्हणजे हातात एप्रिल-मे एवढेच. अशा दगडावरच्या एका कोरीव लेखासाठी मी सात महिने थांबलो आहे. बायकोला अजून ते पटलेलं नाही.

थांबायची तयारी नसेल तर बॅटरी किंवा घरचा आरसा. आरशाने ऊन वळवून कडेने टाकता येतं, फक्त धरायला माणूस लागतो. दगडावर खडू, पीठ, तेल मात्र कधीही चोळू नका. शेंदराने बुजलेले वीरगळ बघून हात शिवशिवतात, तरीही नाही. तो शेंदूर कोणाच्या तरी श्रद्धेचा आहे आणि खरवडताना त्याच्याबरोबर नक्षीही जाते.

काळ्या दगडासमोर कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळं उजळवून काळ्याचं राखाडी करतो. एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली आणा, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड निम्मा करा. पांढऱ्या संगमरवरापुढे उलटं. गुळगुळीत ग्रॅनाइटमध्ये तुमचंच प्रतिबिंब दिसतं. काळा शर्ट घालून जा.

वीरगळ खालून वर वाचायचा, हे मला फार उशिरा कळलं. तळाच्या पट्टीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्य-चंद्र. आधी मी फक्त वरचा भाग नीट टिपत असे, कारण तो डोळ्यांच्या उंचीवर येतो. गोष्ट सुरू होते ती गुडघ्याशी. बसा, वेळ पडली तर आडवे व्हा.

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं थडगं आहे. व्हीटी स्टेशनाचा हा वास्तुविशारद १९०० साली वारला. स्टेशनासमोर रोज शेकडो मोबाइल वर होतात, इथे कोणी फिरकताना मला तरी दिसलं नाही. जुन्या संगमरवरी थडग्यांवर पुष्कळदा शिशाची अक्षरं बसवलेली असत. ती गळून पडतात, पण बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं उरतात. तिरप्या उजेडात त्या भोकांवरून नाव जुळवता येतं. या उद्योगात माझे रविवार कसे गेले ते कळलंच नाही.

कुलाब्याचं अफगाण चर्च हे मुळात युद्धस्मारक आहे. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांसाठी ते बांधलं आणि १८५८ साली खुलं झालं. आजूबाजूला नौदलाची वस्ती, त्यामुळे ट्रायपॉड उघडण्याआधी दहादा विचार करा. ड्रोनचं तर नावच काढू नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंतही ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. हुतात्मा चौकात मशाल धरलेला शेतकरी-कामगार टिपायचा तर रविवारी पहाटे जा. इतर दिवशी फ्रेममध्ये बसच बस.

माणसांबद्दल आता. एका दफनभूमीत, नाव सांगत नाही, मी लांबच्या लेन्सने थडग्यांची रांग टिपत होतो. रांगेच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. मला वाटलं, फ्रेमला छान टेकू मिळाला. त्यांचा मुलगा चालत आला आणि काही न बोलता त्याने लेन्सवर तळहात ठेवला. मी फोटो त्याच्यासमोर पुसला. तेव्हापासून कोणी भेटीला आलेलं दिसलं की कॅमेरा पिशवीत जातो. रखवालदाराला आधी भेटा, चहा सांगा, काय करायचंय ते मराठीत नाहीतर हिंदीत सरळ सांगा. परवानगीचं इंग्रजीतलं पत्र नंतर दाखवा. मलबार हिलच्या डुंगरवाडीचा, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेचा, मात्र विचारही नको, पारशी नसलेल्यांना तिथे मोकळा प्रवेश नाही. आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला जाणार असाल तर आधी रांगेत उभे राहा, कॅमेरा मग.

मराठी वाचणाऱ्याने ज्यू दफनभूम्या चुकवू नयेत. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या दफनभूमीची जमीन एलियास डेव्हिड ससून यांनी आपल्या जोसेफ या मुलाच्या स्मरणार्थ दिली होती. मुंबई ते अलिबाग या पट्ट्यात बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, थडग्यांवर हिब्रूच्या खाली देवनागरी मराठी दिसते. आडनावं किहीमकर, पेणकर, चेऊलकर. हे फोटो काढताना आपल्यासारख्याला एक फायदा आहे: अक्षर अर्धं झिजलं असलं तरी शब्द ओळखता येतो, मग तेवढाच भाग जवळून पुन्हा टिपता येतो.

प्रत्येक दगडाचे निदान चार फोटो घ्या: आजूबाजूसकट लांबून, पूर्ण दगड, लेख, आणि मागची बाजू. शिल्पकाराचं किंवा दगडकाम करणाऱ्या कंपनीचं नाव पुष्कळदा मागे नाहीतर तळाशी कोरलेलं असतं. वहीत ठिकाण, तारीख, वेळ आणि दगडाची दिशा लिहा. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या फोटोंना यातलं काहीच नाही, त्यामुळे ते सुंदर आहेत आणि निरुपयोगी.

पैसे? यावर घर चालत नाही. वारसा-नोंदणीची कामं अधूनमधून मिळतात, परदेशातली कुटुंबं पूर्वजांच्या थडग्याचा फोटो मागतात. सार्वजनिक जागी कायमची उभी असलेली शिल्पं आणि इमारती यांचे फोटो विकायला १९५७ चा कॉपीराइट कायदा आड येत नाही. कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. आवाराच्या मालकाची परवानगी ही वेगळी बाब.

गेल्या हिवाळ्यात असंच एक काम आलं होतं. पणजोबांचं थडगं, फक्त आडनाव आणि साल माहीत. तीन रविवार शोधलं, चौथ्या रविवारी पावणेबाराला ऊन बरोबर घसरलं आणि सगळं नाव लागलं. फोटो पाठवले. उत्तर आलं: आडनावाचं स्पेलिंग दगडावर चुकलंय, ते फोटोत दुरुस्त करून मिळेल का? नाही म्हणालो. उरलेले निम्मे पैसे अजून यायचे आहेत.