सोसायटीच्या गच्चीवर सौर प्रकल्प: कंत्राटदाराला बोलावण्याआधीची तयारी

पॅनेल कुठल्या कंपनीचे, हा प्रश्न शेवटी घ्या. आधी कॉमन मीटरची मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून महिन्याला किती युनिट जळतात ते लिहून ठेवा. 1 किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट आणि साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा धरा. महिन्याला 1,200 युनिट लागत असतील तर 10 किलोवॉट पुरे. त्याहून मोठा प्रकल्प कोणी गळ्यात मारू पाहील, पण वापरून उरलेली वीज वीज कंपनीकडे जाते आणि तिची युनिटं आपल्या खात्यात जमा होतात; 31 मार्चला खात्यात उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

मग गच्चीवर जा, तेही हिवाळ्यात, सकाळी 10 आणि दुपारी 3 वाजता. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टरूमची सावली कुठवर येते ते खडूने आखा. वॉटरप्रूफिंग बाकी असेल तर आधी उरकून घ्या. पॅनेलचा सांगाडा (स्ट्रक्चर) उभा राहिल्यावर त्याखालची गळती शोधताना वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे हाल होतात. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हवंच.

आता पैसा. इथे घाई नको. सोसायटीने स्वतः खर्च केला तर फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 10 किलोवॉटला 1,80,000. त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. दुसरा मार्ग रेस्कोचा: खर्च कंपनीचा, आपण ठरलेल्या दराने युनिटचे पैसे द्यायचे. ऐकायला छान वाटतं, पण करार 15 ते 25 वर्षांचा असतो. पाच-सात वर्षांत रिडेव्हलपमेंटची शक्यता असेल तर मला हा मार्ग धोक्याचा वाटतो. दर दरवर्षी किती वाढणार, मधेच करार मोडला तर किती भरायचे, गच्चीच्या दुरुस्तीसाठी पॅनेल कोणाच्या खर्चाने हलवायचे, ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्या.

सभासदांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा की यातून घरातलं वीजबिल कमी होणार नाही, मेंटेनन्समधला विजेचा भाग कमी होईल. बहुतेक भांडणं या गैरसमजातून होतात. वर्गणी काढणार असाल तर विजेचा खर्च सध्या ज्या हिशोबाने वाटला जातो त्याच हिशोबाने काढा. तळमजल्यावरच्या, लिफ्ट न वापरणाऱ्या सभासदांचं म्हणणं सभेआधीच ऐकून घ्या, मग विशेष सर्वसाधारण सभेत ठराव करा.

त्याच ठरावात पॅनेल कोण धुणार, दर महिन्याला नेट मीटरचं (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग कोण घेणार आणि दहाएक वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या इन्व्हर्टरसाठी (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रासाठी) बचतीतून किती रक्कम बाजूला पडणार, हेही लिहून घ्या.