साथरोगाच्या कामावर नव्याने रुजू होताय? आजारी नसलेल्यांच्या घरीही जा

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करून किंवा पीएसएममध्ये, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्रात, एमडी करून जिल्ह्यात साथरोगाच्या कामावर आलेली मुलंमुली पहिल्या पावसाळ्यात हमखास एक करतात. गावात कावीळ निघाली की रुग्णांची घरं पालथी घालतात आणि तिथूनच परत फिरतात. रुग्ण मोजणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं कुणी करायचं?

समजा, गावठाणात 40 रुग्ण आहेत आणि वरच्या वाडीत 15. सरपंचांपासून पत्रकारांपर्यंत सगळे गावठाणात जमतात. पण गावठाणात 800 माणसं राहतात आणि वाडीत 100. म्हणजे गावठाणात शेकडा 5 आजारी, वाडीत शेकडा 15. आधी वाडीची पाइपलाइन बघायला हवी. परीक्षेत ‘अटॅक रेट’ची, म्हणजे शेकडा किती जण आजारी पडले याची, व्याख्या सगळेच लिहितात, गावात मात्र भाजक, म्हणजे एकूण लोकसंख्या, विसरतात. लोकसंख्या आशाताईंच्या रजिस्टरमधून घ्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आकडा बहुतेक वेळा 2011 च्या जनगणनेचा असतो.

आता जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडे वळू. 1854 च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यूंचा नकाशा काढून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं, हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्याहून मोलाची वाटते ती ब्रॉड स्ट्रीटवरची दारूभट्टी. पंप अगदी जवळ, पण तिथल्या सत्तरहून जास्त कामगारांपैकी एकही कॉलऱ्याने दगावला नाही. त्यांना प्यायला बिअर मिळायची आणि भट्टीची स्वतःची विहीरही होती. तेव्हा त्याच नळाचं पाणी येणाऱ्या, पण कुणीही आजारी नसलेल्या घरांतही तेच प्रश्न विचारा. पाणी कुठून भरता, उकळता का, जार विकत आणता का? वयही लिहून घ्या. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हिपॅटायटीस ए, लहानपणी होऊन गेला असेल, तर तेच पाणी पिऊनही आजोबा ठणठणीत राहतात आणि कॉलेजातला नातू आडवा होतो. वय न बघता तुलना केलीत, तर नको तो निष्कर्ष निघेल.

तारखांचं गणित सर्वांत जास्त चुकतं. हिपॅटायटीस ए चा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंतचा) 15 ते 50 दिवसांचा, सरासरी 28. म्हणजे आज डोळे पिवळे झालेल्या माणसाने दूषित पाणी साधारण महिन्यापूर्वी प्यायलेलं असतं. आज घेतलेला नमुना ‘पिण्यास योग्य’ आला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही, मधल्या काळात पाइप दुरुस्तही झालेला असू शकतो. लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख लिहा, दवाखान्यात दाखल झाल्याची नको. त्या तारखांचा आलेख काढा आणि शिखरापासून महिनाभर मागे जा. मग जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला, विचारा, त्या सुमारास रस्ता खोदला होता का? हरिनाम सप्ताह होता का, पंगतीचं पाणी कुठून आणलं होतं?

ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का याची चाचणी, स्वतःच्या हाताने करा, तीही टाकीखाली नको, शेवटच्या नळावर करा. टाकीजवळच्या नळीत छान पिवळा रंग येतो, टोकाच्या घरात पाणी तसंच पांढरं राहतं. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. नसेल तर टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं बघा. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असतो, पण ओलसर खोलीत तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यातून तो केव्हाच उडून जातो. रजिस्टरमध्ये मात्र रोज ‘टीसीएल टाकले’ अशी नोंद आणि खाली सही.

प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबू नका. स्नोच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 1854 मध्येच काढला गेला, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. (दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती, हे स्नोनेच लिहून ठेवलंय. तोंडी परीक्षेत एवढं सांगितलंत तरी परीक्षक खूश!) गळती बुजवणं, क्लोरीन वाढवणं, पाणी उकळायला सांगणं हे त्याच दिवशी सुरू करता येतं.

सॉफ्टवेअरचा बाऊ नको. एक्सेल आणि साथरोगाच्या माहितीसाठीचं, फुकट मिळणारं एपी इन्फो यांवर जिल्ह्याचं काम भागतं. पुढे खोलात शिकायचं असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे अभ्यासक्रम बघा, तिथे प्रत्यक्ष साथीच्या तपासावर भर असतो. तोवर लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, पत्त्याच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव लिहू नका. त्या घराला कोणत्या व्हॉल्व्हवरून पाणी येतं, तेही लिहा.