कॅम्पिंगसाठी छोटी कुऱ्हाड: निवड आणि निगा

पाते ५०० ते ७०० ग्रॅम आणि दांडा ३५ ते ४० सेंटिमीटर, एवढी कुऱ्हाड सरपण फोडायला आणि मनगटाइतक्या फांद्या तोडायला पुरते. आखूड दांड्याचा घाव चुकला तर थेट पायावर येतो, म्हणून गुडघे टेकून, लाकूड ओंडक्यावर ठेवूनच फोडावे.

घेताना दांड्याचे टोक बघा. लाकडाच्या रेषा पात्याला समांतर हव्यात. आडव्या असतील तर दांडा लवकर चिरतो. रंगवलेला दांडा शक्यतो टाळा, रंगाखाली गाठी आणि भेगा लपतात.

धार लावताना घाई नडते. आधी कानस फक्त पुढे ढकलत चालवा, परत आणताना उचला, हातमोजे घाला. दोन्ही बाजू मिळून कोन २५ ते ३० अंश ठेवा. धारेच्या कडेवर बारीक पीळ (कानसीने वळलेली धातूची पातळ कड) लागला की दगडावर गोल फिरवत तो काढा. ग्राइंडर मात्र नको: कड तापून निळी पडली की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि धार टिकत नाही.

पाते सैल झाले म्हणून कुऱ्हाड पाण्यात भिजवू नका. लाकूड फुगते, तंतू दबतात आणि वाळल्यावर पाते आणखी हलते. पाचर ठोकून घट्ट करा, नाहीतर दांडा बदला. दांड्याला जवसाचे तेल चोळा. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवा. पाते पुसून, तेलाचा हात फिरवून म्यानात ठेवा.