बोगदा बंद करण्याआधी हत्यारं मोजा

31 वर्षं मी मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. रोज कर्जत लोकलने जाऊन-येऊन. संध्याकाळी कर्जतला उतरल्यावर पुण्याच्या गाडीला मागून बँकर, म्हणजे घाट चढायला ढकलणारी जादा इंजिनं, जोडताना दिसली, की कितीही दमलेली असले तरी दोन मिनिटं थांबायचेच. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या खोलीत 8 बाय 4 फुटांच्या प्लायवर तोच घाट मॉडेल रेल्वेचा लेआउट म्हणून करायला घेतला. एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. खरा घाट 37 फुटांमागे 1 फूट चढतो. त्या हिशेबाने माझी गाडी प्लायच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम 66 मिलिमीटर वर जाते. पण मागे दोन इंजिनं लावून ती चढताना बघायला मला अजून तेवढंच आवडतं.

दुसऱ्या वर्षी पहिला बोगदा झाला. जाळीवर प्लास्टरच्या पट्ट्या बसवल्या. हाड मोडल्यावर ज्या घालतात त्याच या पट्ट्या, त्यामुळे हाताला सवय होती. डोंगर छान जमला. दुसऱ्या दिवशी करंट दिला आणि कंट्रोलरचा शॉर्टचा लाल दिवा लागला. गाडी जागची हलेना. अर्धा दिवस सगळ्या वायरी तपासल्या. शेवटी टॉर्च आत धरून पाहिलं, तर बोगद्याच्या मधोमध नोजप्लायर दोन्ही रुळांवर आडवा पडलेला. हात पोचेना. वाळलेला डोंगर कापावा लागला. मोजणी पुरी झाल्याशिवाय मी कधी कुणाला पोट शिवू दिलं नाही आणि घरी मात्र मोजायचं राहिलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून थिएटरची शिस्त या खोलीत आली. ती कशी आणली ते सांगते.

थिएटरमध्ये मोजणी तीनदा होते. सुरू करण्याआधी, आतला पोकळ भाग बंद करण्याआधी आणि वरची कातडी शिवण्याआधी. आकडे फळ्यावर लिहिलेले असतात, कुणाच्या डोक्यात नाही. माझ्या खोलीत दाराशी पाटी टांगलेली आहे. काम सुरू करताना ट्रेमध्ये काढलेली हत्यारं मोजून आकडा लिहायचा. मध्येच एखादं आणखी काढलं तर आकडा तिथल्या तिथे वाढवायचा. मग काहीही झाकण्याआधी मोजायचं, मग तो बोगदा असो, स्टेशनचं छप्पर असो किंवा इंजिनाची बॉडी. आणि करंट देण्याआधी पुन्हा एकदा. आकडा जुळत नसेल तर स्विचला हात लावायचा नाही. पातं मोडलं तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत मोजणी पुरी धरायची नाही.

मोजता येण्यासाठी हत्यारं थोडी हवीत. सगळी पेटी उघडून शेजारी ठेवली तर कुणी मोजत नाही. म्हणून मी हत्यारं जातीने लावत नाही, कामाने लावते. सगळे पकड एका खणात आणि सगळ्या कानशी दुसऱ्यात, ही रचना दुकानात शोभते. प्रत्येक कामासाठी वेगळा स्टीलचा ट्रे करा. रुळांच्या ट्रेमध्ये रूळ कापायचा कटर, बारीक कानस, रुळांमधलं अंतर तपासायचा ट्रॅक गेज, हाताने भोक पाडायचा पिन व्हाइस आणि त्याची 0.7 व 0.8 मिलिमीटरची ड्रिल. वायरिंगच्या ट्रेमध्ये वायर सोलायचा कटर, मल्टिमीटर, सोल्डर, फ्लक्स. इंजिनाच्या ट्रेमध्ये घड्याळजीचे स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे, तेलाची सुई. चिमटा तीन ट्रेंमध्ये लागत असेल तर तीन चिमटे घ्या. उसनवारी सुरू झाली की ट्रेचा आकडा बिघडलाच.

ओल्या कामाचं सगळं वेगळ्या बादलीत आणि वेगळ्या कोपऱ्यात. खडी चिकटवायला फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. ते सोडायला सुई काढलेली 5 मिलिलीटरची सिरिंज. ही सिरिंज आणि प्लास्टरचे ब्रश वायरिंगच्या ट्रेजवळसुद्धा येऊ देऊ नका.

बारीक वस्तूंसाठी स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्याइतकं सोयीचं काही नाही. त्याच्या सात वाट्यांत मी रूळ जोडायच्या धातूच्या पट्ट्या, त्यांच्याच प्लास्टिकच्या, खिळे, इंजिनाचे स्क्रू, कपलिंगच्या स्प्रिंगा आणि रुळांना करंट पोचवणाऱ्या फीडर वायरींचे कापलेले तुकडे ठेवते. सातवी वाटी रिकामी. झाडताना किंवा रुळांमध्ये जे सापडेल आणि ओळखू येणार नाही, ते त्यात टाकायचं. महिन्याभरात ते कशाचं होतं हे कळतंच. धातूच्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र कधी एकत्र करू नका. चुकून धातूची बसली तर जिथे करंट तोडायचा तिथेच तो पुढे जातो, आणि हा दोष शोधताना जीव जातो.

इंजिन उघडायचं ते परातीत. परातीला कड असते, त्यामुळे घरंगळलेला स्क्रू आतच राहतो. खाली दुमडून शिवलेला सुती नॅपकिन घाला. फाटक्या कापडाचे धागे सुटतात आणि नेमके गिअरमध्ये जाऊन बसतात. थर्मोकोलच्या तुकड्यावर इंजिनाचा आकार काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू मोटरला टेकतो. स्प्रिंग असलेला भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडायचा. उडाली तरी पिशवीतच राहते.

माझा नातू दहा वर्षांचा आहे. सुट्टीत माझ्या हाताखाली असतो. पहिल्याच दिवशी त्याने मला पातं हातात द्यायला पुढे केलं.

"हातात नाही रे, ट्रेमध्ये ठेव. मी उचलते."

"पण आजी, तू तर समोरच आहेस."

"म्हणूनच. तू सोडायच्या आधी मी धरलं तर कापेल कुणाला?"

आता तो किडनी ट्रे पुढे करतो. मी सर्जनच्या चाकूच्या 3 नंबरच्या दांड्यावर 11 नंबरचं टोकदार पातं वापरते. पातं बदलायचं ते आर्टरी फोर्सेप्सने, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याने, धरून, बोटांनी कधीच नाही. जुनी पाती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत जातात, झाकणाला फक्त एक चीर. ही बरणी ट्रेच्या मोजणीत धरायची.

लहान आर्टरी फोर्सेप्सचा, आम्ही ज्याला मॉस्किटो म्हणतो त्याचा, आणखी एक मोठा उपयोग आहे. रुळाला वायर सोल्डरने जोडताना, म्हणजे डाग देताना, डागाच्या दोन्ही बाजूंना रुळावर एकेक लावून ठेवा. उष्णता त्यात शोषली जाते आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. काम झालं की दोन्ही काढून मोजा. रुळाला चिकटून राहणारं हे हत्यार डोळ्यांना सहज चुकतं.

सोल्डरिंग आयर्नची जागा पक्की हवी. माझी उजव्या हाताला, लेआउटबाहेरच्या ट्रॉलीवर, जड स्टँडमध्ये. त्याची वायर मी छताच्या हुकातून नाडीने वर उचलून घेतली आहे. लेआउटवरून लोंबणारी वायर सिग्नलचे खांब पाडत जाते. लेआउटवर कुठलंच हत्यार टेकवायचं नाही, अगदी एका मिनिटासाठीही. हातातलं ठेवायचं असेल तर वळा आणि ट्रॉलीवर ठेवा. टेबलाखाली झोपून वायरिंग करताना खिसे असलेला एप्रन घाला आणि चष्मा लावाच. वर तोंड करून डाग देऊ नका, सोल्डरचा थेंब सरळ डोळ्यात येतो. वायरी शक्यतो बाहेर ओढून, बसून जोडा.

पुष्कळ जण शेवटी लोहचुंबक फिरवतात आणि निश्चिंत होतात. चुंबकाने खिळे आणि लोखंडी कीस येतो हे खरं. चुंबक पिशवीत घालून फिरवला की पिशवी उलटी करून कीस झटकताही येतो. पण आपले रूळ बहुतेक निकेल सिल्व्हरचे, आणि निकेल सिल्व्हर चुंबकाला चिकटत नाही. कापलेल्या रुळाचा दोन मिलिमीटरचा तुकडा सांध्यात अडकला तर चुंबकाला तो सापडणार नाही. त्याच्यासाठी मऊ ब्रश आणि नंतर व्हॅक्यूम, नळीच्या तोंडाला पातळ मोजा बांधून, म्हणजे उपयोगाच्या वस्तूही हाती लागतात. रूळ कापताना शेजारी ओलं फडकं ठेवलं तर निम्मे तुकडे तिथेच थांबतात.

कर्जतच्या पावसाळ्यात स्टीलवर आठवड्याभरात डाग पडतात. जूनच्या आधी सगळी हत्यारं शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसते आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवते. कानशींना तेल लावत नाही, खडू घासते. तेलाने कीस दातांत बसतो आणि कानस घसरते.

पाटीच्या खालच्या कोपऱ्यात मी एक चौकट आखली आहे. शेजारी कुणी पकड किंवा मल्टिमीटर नेला तर तिथे नाव आणि तारीख लिहिते. या घडीला तिथे एकच ओळ आहे, मल्टिमीटर, पलीकडच्या काकूंच्या मिक्सरसाठी. तो परत येईपर्यंत वायरिंगच्या ट्रेचा आकडा एकाने कमी.