जखमी कोंबडी घरी सांभाळताना या चुका टाळा

मुंगसानं धरलेली किंवा कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेली कोंबडी हाती आली, की सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, घरातली सगळी माणसं गोळा होतात. कोणी हळद आणतं, कोणी पाण्याची वाटी, कोणी तिचे पंख ओढून कुठं लागलं ते बघतं. हौसेनं केलेली ही धावपळ तिला फार जड जाते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून चार-पाच मिनिटं धरा. सारखं उचलून बघू नका. रक्त थांबलं की तिला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, ठेवा, वर गोणपाट टाका, हवा मात्र खेळती ठेवा. अर्धा-पाऊण तास तिच्याकडे जाऊ नका. अंधारात ती शांत होते, मग पुढचं बघता येतं.

बाकीच्या कोंबड्यांत तशीच सोडणं

लाल दिसलं की कोंबड्या टोचतात. रोज शेजारी बसणारी कोंबडीही टोचते आणि एकीनं सुरुवात केली की साऱ्या धावतात. सकाळी नखाएवढी असलेली जखम संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी होते. म्हणून वेगळं ठेवायचंच. खाली सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) नको, ते टोचतं आणि जखमेत शिरतं. जुनं सुती लुगडं अंथरा आणि रोज बदला.

छाती आवळून धरणं, चोच उघडून पाणी ओतणं

कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खाली-वर झालं तरच तिला श्वास घेता येतो. भीतीपोटी तिला घट्ट आवळलं तर ती हातातच गुदमरते. पंख अंगाशी धरा, छाती मोकळी ठेवा. पाय धरून उलटी लटकवू नका.

पाण्याचंही तसंच. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. चोचीच्या कडेला बोटानं थेंब लावा, ती स्वतः गिळेल. मान धरता येऊ लागली की ओआरएसचं पाणी उथळ वाटीत ठेवा. दाणे पुढं टाकायची घाई नको. पाणी प्यायला लागली की भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, थोडं उकडलेलं अंडं द्या.

दिसली तेवढीच जखम समजणं

पिसांखाली काय आहे ते वरून कळत नाही. पिसांवर फुंकर मारत मारत पंखाखाली, मांडीच्या आत, शेपटीच्या बुडाशी बघा. कोंबड्याच्या पायामागच्या काट्यानं कुशीची कातडी फाटते, तरी कोंबडी दोन दिवस धडधाकट फिरत राहते. कुत्र्या-मांजराच्या दाताचं भोक तर मसुरीएवढंच दिसतं, पण घाण आत खोल गेलेली असते. अशा चाव्याला पशुवैद्यकाला दाखवणंच बरं. जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापा. उपटू नका, कातडी पातळ असते, सोबत फाटते.

हाताला लागेल ते जखमेवर टाकणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. रॉकेल, चुना, तंबाखू, चुलीतली राख, गाडीचं जळकं ऑइल, हे सगळे उपाय गावात सांगणारे भेटतात. तंबाखूतलं निकोटिन विष आहे आणि रॉकेलनं कातडी भाजते. हळदीला माझा विरोध नाही. वरवरच्या खरचटण्यावर ती चालते. पण खोल जखमेत मूठभर हळद भरली की वर पिवळी खपली धरते आणि आत पू साचतो.

आधी धुवायचं. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. सुई काढलेल्या सिरिंजनं धार मारून माती, पिसं, रक्ताच्या गाठी बाहेर येईपर्यंत धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करून लावा. सकाळ-संध्याकाळ एवढंच.

पावसाळ्यात माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात. मग कोणीतरी कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात कालवून आणतो. तसं मुळीच करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दीड-दोन किलोच्या पाखराच्या उघड्या मांसावर तेच टाकलं तर ते वाचेल कसं? अळ्या चिमट्यानं एकेक काढा, मिठाच्या पाण्यानं पुन्हा धुवा, डालग्यावर मच्छरदाणी टाका. गुरांच्या जखमेवरचं टर्पेंटाइनही कोंबडीला नको.

घरच्या सुई-दोऱ्यानं शिवणं

चंद्रपूर-गडचिरोलीकडं कोंबडबाजारात, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीत, काती (पायाला बांधलेली धारदार सुरी) लागलेला कोंबडा जागेवरच शिवणारे लोक आहेत, त्यांचं बघून घरी प्रयोग होतात. झुंजी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहेत, ते वेगळंच. पण चाव्याची जखम शिवली की घाण आत बंद होते. उघडी आणि स्वच्छ ठेवलेली जखम कोंबडी आश्चर्य वाटावं इतकी छान भरून काढते.

माणसांची गोळी

अर्धी गोळी कुटून देऊ नका. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखणं थांबवायच्या औषधामुळं, मेलेली जनावरं खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन जवळपास संपली आणि २००६ साली ते जनावरांसाठी बंद झालं. प्रतिजैविक पशुवैद्यकानं दिलं तरच द्या. अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तेव्हाच विचारून घ्या.

प्रत्येक लंगडणं म्हणजे मोड नाही

आधी बोटं बघा. शिवणाचा दोरा किंवा लांब केस बोटाला गुंडाळून मांसात रुतलेला असतो, बारीक कात्रीनं सोडवला की काम झालं. तळपायाला काळी खपली आणि खाली कडक गाठ असेल तर आत पू आहे, ते घरी कापू नका. मान पिळवटली असेल, हिरवट पातळ हगवण असेल, शेजारची कोंबडीही पेंगत असेल, तर मार लागलेला नाही, मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) असू शकते. पट्ट्या बांधत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला कळवा.

आतडं किंवा हाड दिसत असेल, तोंड उघडून धाप लागत असेल, जखमेला वास येत असेल किंवा दिवसभरात काहीच खाल्लं नसेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. मे महिन्यात धाप उन्हानंही लागते, म्हणून टिनाच्या पत्र्याखाली किंवा बंद खोक्यात ठेवू नका. डिसेंबरच्या रात्री उलट, डालग्याशेजारी पिवळा बल्ब लावा.

बरी दिसली की लगेच सोडणं

खपली पडून गुलाबी कातडीवर नवी पिसं फुटेपर्यंत थांबा. मग दोन-तीन दिवस डालगं बाकीच्यांच्या नजरेसमोर ठेवा. नंतर अंधार पडल्यावर तिला खुराड्यात बसवा आणि सकाळी दार उघडताना तिथंच थांबा. पाठलाग झाला तर परत डालग्यात. कोंबड्यानंच कूस फाडली असेल तर त्याला काही दिवस वेगळा बांधा आणि काट्याचं टोक पशुवैद्यकाकडून बोथट करून घ्या.