ग्रामपंचायतीचा निकाल मान्य नाही? आधी तारीख मोजा

निकाल लागला की हरलेलं पॅनल पहिला आठवडा 'आपल्यातला कोण फुटला' हे हुडकण्यात घालवतं. माझ्याकडे मंडळी येतात ती तेराव्या दिवशी, वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन. तालुका कोर्टात वकिली करताना दर निवडणुकीला हेच बघते, म्हणून लिहून ठेवते.

सदस्याच्या निवडीला आव्हान द्यायचं, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करायचा. उमेदवारच पाहिजे असं नाही, त्या निवडणुकीचा मतदारही चालतो. 'थेट हायकोर्टातच जाऊ' म्हणणारे पुष्कळ भेटतात. घटनेचा अनुच्छेद २४३-ण त्यांच्या आडवा येतो. निवडणुकीला हरकत घ्यायची ती निवडणूक याचिकेनेच, म्हणजे वर सांगितलेल्या अर्जानेच. उमेदवारी अर्ज बाद झाला म्हणून मधेच कोर्टाने हात घालावा, ही मागणी सुप्रीम कोर्टाने १९५२ सालीच पोन्नुस्वामी प्रकरणात नाकारली. ती निवडणूक विधानसभेची होती, पण कोर्टं पंचायतीलाही तेच लावतात.

निवडून आलेल्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलंय, ही तक्रार मात्र अपात्रतेची. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आता खरं काम, अर्जातल्या मजकुराचं. 'मोजणीत गडबड झाली' एवढ्या वाक्यावर कुठलाच न्यायाधीश फेरमोजणी देत नाही. प्रभाग कोणता, मतदान केंद्र कोणतं, केंद्राध्यक्षांच्या हिशोबात मतं किती, मोजणीच्या टेबलावर किती निघाली आणि तुम्ही पडलात किती मतांनी, हे आकड्यांत लिहा. मतदान संपल्यावर तुमच्या प्रतिनिधीने केंद्राध्यक्षांच्या सहीचा मतांचा हिशोब घेतला होता का? बहुतेक जण चहाला निघून जातात. तो कागद असेल तर अर्जाला कणा येतो. फेरमोजणीची मागणी निकालाआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी दिली असेल, तर तिची पोच जोडा. तोंडी ओरडा कुठल्याच रेकॉर्डवर येत नाही.

फरक चाळीस मतांचा आणि घोळ पाच मतांचा असेल, तर मी सरळ घरी पाठवते. अधिकाऱ्याची निव्वळ चूक, मागे भ्रष्ट हेतू नाही, एवढ्यावर निवड रद्द होत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय.

दम असला तर निकाल फिरतोही. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावची सरपंचाची निवडणूक २०२२ ची. वाद एका केंद्राच्या मोजणीचा. तिथल्या निवडणूक न्यायाधिकरणाने फेरमोजणी सांगितली, हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. शेवटी सुप्रीम कोर्टाने यंत्रंच दिल्लीला मागवली आणि २०२५ मध्ये रजिस्ट्रारसमोर मोजणी झाली. हरलेल्याला १०५१ मतं निघाली, जिंकलेल्याला १०००. सरपंचपदाच्या मुदतीचा निम्म्याहून जास्त काळ मात्र तोवर सरला होता. म्हणून यंत्रं आणि मोजणीचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज याचिकेसोबतच द्या, पुढच्या तारखेवर ढकलू नका.

कनिष्ठ स्तराचा निर्णय अंतिम असतो, अपील नाही. मात्र घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या देखरेखीच्या अधिकारात, हायकोर्टात रिट याचिका करता येते. सांगली, सातारा, सोलापूरकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई नको, हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. कोर्टाचा निकाल ऐकलात की त्याच दिवशी त्याच्या नकलेचा अर्ज टाका.