कॅज्युअल्टीतला थीसिस आणि त्याला लागणारा पैसा

इमर्जन्सी मेडिसिनला एमडीला लागलेले ज्युनियर थीसिसचं बोलायला आले की पहिलं विचारतात, फंडिंग कुठून मिळेल? कोकणातच रेसिडेन्सी केल्यावर माझं ठाम मत झालंय की आधी प्रश्न निवडावा. थोडक्या पैशात भागेल आणि आपल्याच कॅज्युअल्टीत उत्तर सापडेल, असा.

आपल्याकडे अशा प्रश्नांची वाण नाही. पावसाळ्यात फुरसं (विषारी साप) चावलेले, माडावरून पडलेले, मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), दोडामार्गकडचा माकडताप. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम महाडमध्ये राहून केलं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत ७० पेशंट होते. प्राझोसिन या औषधासोबत विंचवाची लस (प्रतिविष) दिली तर पेशंट लवकर सावरतो का, एवढाच नेमका प्रश्न. पुन्हा पुन्हा वाचावा असा तो पेपर आहे.

फुरशाचंच उदाहरण घेऊ. दोन मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी कलती करून बघायची. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. ही तपासणी आणि लॅबचा पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) किती जुळतात, हा चांगला थीसिस होईल. खर्च काय? नळ्या, जादा आयएनआर, फॉर्मची छपाई, घरी गेलेल्या पेशंटना फोन, स्टॅटिस्टिशियनची फी. बजेटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती का लागते ते लिहा. जी तपासणी फक्त अभ्यासासाठी होते तिचे पैसे पेशंटकडून कधीही घ्यायचे नाहीत. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या बिलात आपला थीसिस चढता कामा नये. अनुदान मागायचं ते मुळात याचसाठी.

पैसे देणाऱ्यांत पहिलं नाव आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद). पीजीच्या थीसिससाठी त्यांची अर्थसहाय्य योजना आहे. रक्कम आणि अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा, सिनियरची जुनी फाइल नको. तुमच्या हाताखाली एमबीबीएसची मुलं असतील तर त्यांना आयसीएमआरच्याच, १९७९ पासून चालू असलेल्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपला बसवा. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास त्यांचाही होतो. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या योजनांची चौकशी कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये करा.

औषधाची चाचणी पहिल्या थीसिसला घेऊ नये असं मला वाटतं. विमा, नुकसानभरपाई, देखरेख यांचा खर्च एका रेसिडेंटला झेपत नाही. नुसत्या निरीक्षणाचा अभ्यासही कमी प्रतीचा नसतो.

एथिक्स कमिटीला आपल्या शाखेत एक प्रश्न हमखास पडतो: पेशंट शुद्धीवर नसेल तर संमती कोणाची? नातेवाईक कोण चालेल, शुद्धीवर आल्यावर पेशंटला पुन्हा कसं विचारणार, हे प्रोटोकॉलमध्येच मांडा. रात्री दोनला आलेल्या पेशंटचं नाव अभ्यासात कोण नोंदवणार तेही लिहा, कारण अपघात आणि दंश आपली ड्युटी बघून येत नाहीत. सहरेसिडेंट आणि सिस्टरांना आधीच विश्वासात घ्या. सीटीआरआयवर (क्लिनिकल अभ्यासांची देशपातळीवरची नोंदवही) नोंदणी मोफत आहे, ती पहिल्या पेशंटआधी करा. चेन्नईच्या एनआयईचा (आयसीएमआरची साथरोगशास्त्र संस्था) ऑनलाइन रिसर्च कोर्स पीजीला करावाच लागतो. तो सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहायच्या आधी केला तर खरा उपयोग होतो.

अनुदान बहुतेक वेळा कॉलेजच्या खात्यात येतं आणि खरेदी कॉलेजच्या पद्धतीनेच होते. कोटेशन, सह्या, बिलं, शेवटी खर्चाचा दाखला. अकाउंट्समधल्या माणसाला अर्ज पाठवण्याआधीच भेटा. फुरशाचा अभ्यास असेल तर हिशेब मृगापासून उलटा मांडा: नळ्या मे महिन्यात कपाटात हव्यात, म्हणजे एथिक्सची मंजुरी दिवाळीच्या आसपास हातात हवी.